मदत हवी आहे: १९४८ च्या फ्लॅटहेड ब्लॉकला तडा गेलाय, पिना मारून टाके घालावेत की भट्टीत तापवून वेल्डिंग?

मंडळी, नमस्कार.

आधी प्रश्न सांगतो, मग बाकीचं. फोर्डच्या जुन्या फ्लॅटहेड व्ही-८ इंजिनाचा बिडाचा ब्लॉक आहे. ड्रायव्हरच्या बाजूच्या सहा नंबर सिलिंडरमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) बोअरपर्यंत (पिस्टन चालतो ते भोक) तडा गेलाय आणि बोअरच्या आत तो साधारण अर्धा इंच खाली उतरलाय. इंजिन तापलं की तडा उघडतो आणि पाणी सिलिंडरमध्ये येतं. मला हाच ब्लॉक वाचवायचा आहे. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडची, बिडात हयात घालवलेली बरीच मंडळी इथे वाचत असतात, म्हणून इथे विचारतोय.

मी मूळ कोल्हापूरचा, उद्यमनगरात आबांचं छोटं वर्कशॉप होतं. गेली १९ वर्षं कॅलिफोर्नियात, पोमोनाजवळ राहतो. ब्लॉक आमच्या शेजाऱ्यांचा आहे. वय ८४. माझी मुलगी त्यांना पहिल्यापासून 'आजोबा' म्हणते, तेही त्या हाकेला ओ देतात, म्हणून इथेही आजोबाच म्हणतो.

आजोबांनी १९५७ साली, सोळाव्या वर्षी, १९३४ ची फोर्ड कूपे घेतली आणि भंगारातून १९४८ च्या मर्क्युरीचं (फोर्डचाच ब्रँड) हे इंजिन. पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या पोराला ते परवडलं याला कारण होतं. १९५५ मध्ये शेव्हरोलेचं नवं व्ही-८ आलं. त्यात व्हॉल्व्ह हेडमध्ये होते, ते हलकं होतं आणि जास्त फिरायचं. ज्यांच्याकडे पैसे होते ते फ्लॅटहेड काढून शेव्हरोले बसवू लागले आणि १९३२ पासून ज्या इंजिनावर अख्खी हॉट रॉडची (जुन्या गाड्या बदलून वेगवान करण्याची) दुनिया उभी राहिली होती, ते कवडीमोल झालं. आजोबांनी बोअर ३ ५/१६ इंचांपर्यंत वाढवला, नंतरच्या मर्क्युरीचा ४ इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या वर-खाली धावेचा) क्रँक टाकला. म्हणजे मूळच्या २३९ घन इंचांचे २७६ झाले. वर इस्केंडेरियनचा कॅम आणि स्ट्रॉमबर्ग ९७ चे दोन कार्ब्युरेटर. गाडीचं छत तीन इंच कापून खाली घेतलं, बंपर काढून टाकले. वेल्डिंग तेव्हाच शिकले, त्याच छतावर.

ही गाडी ते लायन्स नावाच्या ड्रॅग रेसिंगच्या पट्टीवर पळवायचे. लाँग बीचच्या बंदराजवळ, विल्मिंग्टनला १९५५ साली ही पट्टी सुरू झाली. समुद्र जवळ असल्यामुळे रात्रीची हवा थंड आणि दाट, इंजिनाला जास्त ताकद द्यायची. शेजारच्या वस्तीतून आवाजाच्या तक्रारी वाढत गेल्या आणि २ डिसेंबर १९७२ च्या रात्री तिथे शेवटची शर्यत झाली. आजोबा त्या रात्री तिथे होते. नंतर त्यांनी इतरांची इंजिनं बांधली, निवृत्त होईपर्यंत मशीन शॉपमध्ये क्रँक घासले, पण लायन्सचा विषय निघाला की आवाज आजही बदलतो.

त्यांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. अकरा वह्या आहेत, पाठीला काळी इन्सुलेशन टेप लावलेल्या. प्रत्येक धावेची एक ओळ: तारीख, हवा, जेटचा नंबर, टायरमधली हवा, प्लगचा रंग, वेळ, वेग. एका पानावर १४.२१ सेकंद, ९६ मैल आणि पुढे लिहिलंय, 'प्लग तपकिरी, सहा नंबर थोडा पांढरा.' म्हणजे जो सिलिंडर आज फुटलाय, तो तेव्हापासूनच जास्त तापत होता. ती ओळ वाचून मी बराच वेळ वही मिटली नाही.

तो का तापतो हे जाणकारांना माहीत असेल, पण नवीन लोकांसाठी सांगतो. या इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या बाजूला बसतात. जळलेला गॅस बाहेर पडताना ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या कप्प्यांमधून वाट काढत जातो. त्यातही मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच एक्झॉस्टचं तोंड. सहा आणि सातचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकमेकांना खेटून, सगळी आग एका जागी. तडा तिथेच जातो.

आता अडचण. १९८६ मध्ये एका वर्कशॉपने या तड्यावर निकेलच्या रॉडने वेल्डिंग केलं होतं. ब्लॉक नीट तापवला नव्हता, थंडावरच केलं असावं, कारण दोन वर्षांत वेल्डिंगच्या कडेला दुसरा तडा गेला. आजोबांनी इंजिन उतरवून तेल लावलं, ताडपत्रीत गुंडाळलं आणि गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवलं. ते ३७ वर्षं तसंच होतं.

मागच्या महिन्यात आम्ही ते उघडलं. पाण्याची सगळी तोंडं प्लेटा लावून बंद केली, आत हवेचा दाब दिला आणि वरून साबणाचं पाणी सोडलं. सीटच्या कडेला आधी एक बुडबुडा आला, मग ओळीने बारीक बुडबुडे, तड्याची अख्खी रेघ उमटली. आजोबांना आता मधलं दिसत नाही, फक्त कडेचं दिसतं. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं आणि बोटाने बरोबर तड्याच्या टोकाशी टेकवलं.

नवा ब्लॉक घ्या असं बरेच जण सांगतात. आजोबांचं म्हणणं, ब्लॉक बदलला तर गाडी राहील, पण मी बांधलेलं इंजिन राहणार नाही. त्यांना ते पुन्हा पळवायचं नाही. एकदा सुरू झालेलं ऐकायचं आहे. आणि काम पक्कं हवं, वरवरचं नको. ८ मार्च १९७० ला लायन्सवर ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सच्या गाडीचं ट्रान्समिशन फुटलं, गाडीचे दोन तुकडे झाले, उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. त्यानंतर गार्लिट्सनी इंजिन चालकाच्या मागे बसवलेली गाडी आखली, पुढच्याच वर्षी ती जिंकायला लागली आणि सगळ्यांनीच तो मार्ग धरला. त्या दिवशी आजोबा प्रेक्षकांत होते. फुटलेलं लोखंड काय करतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. मला म्हणाले, "असं काम कर, की मी त्याच्या शेजारी उभा राहू शकेन."

तर सांगा, पिना मारून टाके घालावेत की सबंध ब्लॉक भट्टीत तापवून बिडाच्या रॉडने वेल्डिंग करावं? जुन्या निकेलचं काय करायचं? ड्रिल त्याच्या कडेला सरकतंय, चावत नाहीये. सीट आणि स्लीव्ह (बोअरच्या आत बसणारी नळी) बसवायची तर आधी काय? आबा असते तर त्यांनाच फोन केला असता. आमच्याकडे उसाला पाणी देणाऱ्या ऑइल इंजिनांचे फुटलेले ब्लॉक यायचे, आबा टाके घालायचे हे आठवतं, पण मी तेव्हा शाळेत होतो. हात कसा चालायचा ते बघितलं, विचारलं काहीच नाही.

प्रतिसाद: मृण्मयी_के

मला यातलं काही कळत नाही, तरी पूर्ण वाचलं. ड्रॅग रेसिंग म्हणजे नक्की काय? पोरं रात्री रस्त्यावर गाड्या पळवतात तेच का?

धागाकर्ता

ताई, उलट आहे. रस्त्यावरच्या शर्यती बंद व्हाव्यात म्हणूनच या पट्ट्या आल्या. युद्धाआधी ही मंडळी मुरॉक, एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर जायची, १९३७ मध्ये त्यांनी संघटना केली. पण तळी शहरापासून लांब, म्हणून बरीच पोरं गावातच गाड्या भिडवायची. १९५० मध्ये सांता आनाच्या विमानतळावर तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या, १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय संघटना काढली आणि तिची पहिली अधिकृत शर्यत १९५३ मध्ये इथेच पोमोनाला झाली.

दोन गाड्या शेजारी-शेजारी, थांबलेल्या स्थितीतून, सरळ पाव मैल, म्हणजे १,३२० फूट. वळण नाही. जो आधी पोचला तो जिंकला. आधी मधे एक माणूस झेंडा घेऊन उभा असायचा, १९६३ पासून दिव्यांचा खांब आला. आजोबा म्हणतात, झेंडेवाल्याच्या खांद्याकडे बघायचं, हाताकडे नाही, खांदा आधी हलतो.

प्रतिसाद: गल्ली_नंबर_३

फ्रेंच सैन्याच्या ट्रकांसाठी हेच इंजिन बऱ्याच नंतरपर्यंत बनत होतं, त्यांचे ब्लॉक मिळतात आणि ते चांगले असतात. भावना कळते, पण दोन्ही घेऊन ठेवा. हा फसला तर हातात काही तरी राहील.

प्रतिसाद: शिरोलीकर

भावा, भट्टीचा विचार डोक्यातून काढ. सबंध ब्लॉक लाल होईपर्यंत तापवलास की बोअर हलणार, मेन बेअरिंगची ओळ हलणार. मग सगळं परत बोअर करायला लागतंय, आणि तुझ्या ब्लॉकला आधीच अष्टमांश इंच बोअर वाढवलाय. काढायला मटेरियल कुठंय? कोरा ब्लॉक असता तर मी स्वतः भट्टी म्हणालो असतो. इथं टाकेच.

निकेलच्या कडेला ड्रिल चावत नाही, कारण तिथलं बीड पांढरं झालंय. थंड बिडावर वेल्डिंग मारलं की कडेचा भाग एकदम गार होतो आणि काचेसारखा कडक होतो. त्याच्यात पिन मारू नकोस. कार्बाइडच्या बरने निकेल पूर्ण काढ, कडक भाग पण काढ. किती काढायचं? कानस लावून बघायची. कानस घसरली तर अजून काढ, चावली तर थांब. आमचे मिस्त्री असंच बघायचे, दुसरं माप नव्हतं.

पिना साध्या निमुळत्या नकोत, त्या पाचरीसारख्या तडा अजून उघडतात. आट्याचा आकार हुकासारखा असलेल्या पिना मिळतात, त्या दोन्ही कडा आत ओढून धरतात. एक पिन बसली की पुढचं भोक तिच्या अंगात थोडं घुसवून पाडायचं, म्हणजे सगळ्या एकमेकींत अडकून साखळी होते. तड्याचं टोक दिसतं तिथं संपत नाही, चुंबक आणि पावडर लावून खरं टोक शोध आणि शेवटची पिन त्याच्याही पुढं मार.

आधी टाके, मग स्लीव्ह, मग सीट. स्लीव्ह आणि सीट दोन्ही टाक्यांच्या डोक्यावर बसल्या पाहिजेत, म्हणजे तड्याची दोन्ही टोकं झाकली जातात. पण बोअरिंगला हात लावायच्या आधी पाण्याच्या बाजूला भिंत किती उरलीये ते अल्ट्रासॉनिकने मोजून घे. न मोजता केलंस तर ब्लॉक गेला.

आणि तुझे आबा टाके घालत होते म्हणतोस, तर तुझ्या हाताला ते येईल.

धागाकर्ता

शिरोलीकर, तुमचा प्रतिसाद मी आजोबांना इंग्रजीत वाचून दाखवला. कानशीचं वाक्य त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं. मग उठले, चाचपडत ड्रॉवर उघडला आणि स्वतःची जुनी कानस काढून दिली. हे लिहिणारा माणूस कुठला म्हणाले. कोल्हापूरचा म्हटलं. वहीत लिहून घे म्हणाले, म्हणून बाराव्या वहीच्या पहिल्या पानावर तुमचं नाव लिहिलंय.

गल्ली_नंबर_३, तुमचं पटलं, पण दुसरा ब्लॉक गॅरेजमध्ये आणला तर आजोबांना तो दिसणार. हे काम होईपर्यंत तो आणणार नाही.

आतापर्यंत झालेलं: भिंत मोजून आणली, पातळ स्लीव्ह बसेल असं मशीन शॉपवाले म्हणतात. शनिवार-रविवार निकेल काढण्यात गेले. रविवारी संध्याकाळी एका बाजूला कानस चावली, काळसर भुगा निघाला. तो मी आजोबांच्या तळहातावर ठेवला, त्यांनी दोन बोटांत चोळून पाहिला आणि मान हलवली. दुसऱ्या बाजूला अजून साधारण दोन मिलिमीटर कडक आहे. चुंबकाने पाहिलं तर तडा दिसत होता त्याहून पाव इंच पुढे गेलाय, सातच्या सीटच्या दिशेने. म्हणजे साताठ पिना लागतील.

पिना गुरुवारपर्यंत येतील, शनिवारी पहिला टाका घालायचा आहे. एक गोष्ट राहिली. आबा आटे पाडताना शेजारी रॉकेलची वाटी ठेवायचे एवढं आठवतं, पण टॅप त्यात बुडवायचे की नुसतं भोक धुवायचे, ते आठवत नाही. या पिना सीलंट लावून बसवायच्या आहेत, त्यामुळे भोकात तेलकटपणा राहायला नको. टॅप कोरडा चालवू की रॉकेल लावून? शनिवारच्या आत कुणी सांगितलं तर बरं होईल.