मदत हवी आहे: जुन्या रॅले सायकलच्या फ्रेमवरच्या नंबरावरून साल कसं काढायचं?

नमस्कार मंडळी,

मिरजेच्या घरी आजोबांची रॅले माळ्यावर पडून होती ती खाली काढलीय. खोलायच्या आधी ती नक्की कुठल्या सालची ते कळायला हवंय, कारण कुठला पार्ट मूळचा आणि कुठला नंतर बसवलेला हे त्यावरच ठरणार. घरात सगळे छातीठोकपणे सांगतात की स्वातंत्र्याच्या वर्षी घेतली, पण आमच्याकडे प्रत्येक जुनी वस्तू स्वातंत्र्याच्याच वर्षीची असते, त्यामुळे ते जाऊ दे.

जेंट्स, २८ इंची चाकं, रॉडब्रेक. चेनव्हीलमध्ये (पेडलजवळचं दातेरी चक्र) बगळ्यांची नक्षी आहे आणि पुढच्या बॅजवर नॉटिंगहॅम, इंग्लंड स्पष्ट वाचता येतं. सीटचा दांडा फ्रेममध्ये शिरतो त्या जोडावर नंबर ठोकलाय, पण मधे कधीतरी कुणीतरी सगळ्या सायकलला हिरवा ऑइलपेंट फासलाय, तोही ब्रशने, त्यामुळे एक आकडा ३ आहे की ८ तेच कळत नाही आणि शेवटी एखादं अक्षर असावं असं वाटतं. नेटवर रॅलेच्या नंबरांचे दोन तक्ते मिळाले, एकात बघितलं तर चाळीसचं दशक येतं, दुसऱ्यात पंचावन्नच्या पुढे!

मागचा हब (चाकाच्या मधला भाग, गिअर यातच असतात) स्टर्मी आर्चर कंपनीचा थ्री स्पीड आहे, त्यावर एडब्ल्यू हे मॉडेलचं नाव आणि ५२, ९ असे आकडे आहेत. हँडलला तारेने बांधलेला नगरपालिकेचा पितळी बिल्लाही आहे, त्यावर १९५४-५५.

तर धरायचं काय? नंबर, हब की बिल्ला? मागचं चाक नंतर बदललेलं असू शकतं ना? आणि रंग न खरवडता नंबर वाचायची काही युक्ती?

प्रतिसाद १

भारी वस्तू आहे, भंगारात नाही गेली हे नशीब. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे, एकदा जाऊन या. फोटो टाका की राव, फोटोशिवाय काय सांगणार.

प्रतिसाद २

आधी नंबर वाचून घ्या. पॉलिश पेपर अजिबात लावू नका आणि पेंटरकडे तर नेऊच नका, तो ग्राइंडर लावून नंबरासकट साफ करेल. तेवढ्याच जागेवर पेंट रिमूव्हर लावा, रंग फुगला की जुन्या टूथब्रशने काढा, मग पांढरा खडू घासून वरचा खडू हलक्या हाताने पुसा, खाचेत राहतो तेवढा वाचता येतो. टॉर्च समोरून नको, बाजूने आडवा धरा. ३ असेल तर डावी बाजू उघडी दिसेल.

आता साल. रॅलेच्या त्या काळातल्या नंबरावरून नुसतं साल काढायला जाल तर फसाल. १९७३ नंतरच्या नॉटिंगहॅमच्या नंबरात कारखान्याचं अक्षर आणि वर्षाचा आकडा असतो, तो सरळ वाचता येतो. त्याआधीचे तक्ते लोकांनी आपापल्या सायकलींवरून जुळवलेले आहेत, म्हणून दोन तक्ते दोन गोष्टी सांगतात. तुमच्याकडे हब आहे ते उत्तम. ५२, ९ म्हणजे सप्टेंबर १९५२ ला हब बनला. हब आधी बनतो, मग सायकलवर चढतो, मग बोटीने इकडे येतो, त्यामुळे चाक मूळचं असेल तर सायकल ५२ च्या अखेरीची किंवा ५३ ची धरा. बिल्ला सायकलच्या कराचा, दरवर्षी नवा मिळायचा, तो एवढंच सांगतो की ५४-५५ ला सायकल रस्त्यावर होती. म्हणजे तो हबच्या आड येत नाही.

चाक बदललंय का ते बघायचं तर गिअरची केबल बघा. फ्रेमवर केबलची पुली आणि क्लिप मूळ काळ्या रंगावर बसलेली आहे का? क्लिपच्या खाली जपलेला मूळ रंग असेल तर गिअर सुरुवातीपासूनचा असायची शक्यता जास्त. क्लिपखाली हिरवाच ऑइलपेंट निघाला तर मात्र आजोबांना नंतर गिअरची हौस आली असं समजा. पुढचा-मागचा रिमही एकाच मेकचा आहे का बघा.

नक्की उत्तर हवंच असेल तर ब्रिटनमधल्या व्हेटरन सायकल क्लबला लिहा. तिथे एकेका मेकची माहिती असलेली माणसं आहेत. नंबर, हबचे आकडे आणि बॅजचा फोटो एकत्र पाठवा. बॅज नॉटिंगहॅमचा आहे म्हणताय ते बरं झालं, कारण पन्नाशीच्या दशकात आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना सुरू झाला आणि त्या सायकलींना नॉटिंगहॅमचा तक्ता लावून काय उपयोग.

धागाकर्ता

खूप धन्यवाद दादा! क्लिप आताच सोडवून बघितली, खाली काळा रंग आहे, एकदम चकचकीत. म्हणजे ५२-५३. बाबांना अजून सांगितलेलं नाही :) अजून एक, बीबीचा (पेडलच्या आसाचा) कप वाजतोय, इथला मेस्त्री म्हणतो हिरोचा बसवून देतो, चालेल का?

प्रतिसाद २

नको! नॉटिंगहॅमच्या रॅलेला इंचाला २६ आटे असतात, बाकीच्या इंग्लिश सायकलींना २४. जबरदस्तीने पिळला तर फ्रेमचे आटे जातील, मग कायमचं दुखणं. जुनेच कप धुऊन नवीन छर्रे आणि ग्रीस टाका, बहुतेक आवाज तेवढ्यात जातो. आणि चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा आहे, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो, हे मेस्त्रीला पाना लावायच्या आधी सांगा.