प्रतिसाद: पास झालं म्हणजे जागा मिळालीच असं नाही

अहो ताई, 'केंटची इलेव्हन प्लस पास झाली की ग्रामरमध्ये जागा पक्की ना?' असं तुम्ही विचारलंत. (केंट ही इंग्लंडमधली काउंटी, म्हणजे जिल्ह्यासारखा भाग; ग्रामर म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळा; आणि इलेव्हन प्लस ही त्यांची प्रवेशपरीक्षा.) पक्की नाही हो. पास म्हणजे फक्त पात्र. पुढे घरापासून शाळेचं अंतर, तिथे शिकणारी भावंडं, काही शाळांत थेट गुणांची क्रमवारी, हे प्रत्येक शाळेचं वेगळं असतं. त्यामुळे ज्या शाळा मनात आहेत त्यांचे प्रवेशनियम आत्ताच वाचून काढा.

दुसरं म्हणजे परीक्षेची नोंदणी आणि प्रवेशाचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथेच आमची गल्लत होता होता राहिली! केंटमध्ये नोंदणी पाचवीच्या (तिथल्या 'इयर ५'च्या) उन्हाळ्यात पालकांनीच करायची, परीक्षा सप्टेंबरात, निकाल ऑक्टोबरात. मग ३१ ऑक्टोबरच्या आत आपल्याच कौन्सिलकडे (आपल्या भागाच्या स्थानिक प्रशासनाकडे) प्रवेशाचा अर्ज, शाळा दुसऱ्या कौन्सिलच्या हद्दीत असली तरी.

पसंतीक्रम अगदी खरा लिहा. 'पहिली पसंती दिली तरच घेतात' ही निव्वळ अफवा. तुमचा क्रम शाळा विचारात घेऊच शकत नाही. फक्त यादीत शेवटी जवळची एक साधी (ग्रामर नसलेली) शाळा जरूर टाका. नाहीतर १ मार्चला, जागा कळतात त्या दिवशी, भलतीच लांबची शाळा पदरात पडायची.