मदत हवी आहे: कॅफीन बंद केल्यावर बाळाच्या श्वासात पडणारे खंड
बाळ गरोदरपणाच्या ३० व्या आठवड्यात झालं. सर्फॅक्टंट (फुप्फुसं उघडी राहावीत म्हणूनचं औषध) दिलं, ९ दिवस सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) होतं. आता त्याच हिशेबाने ३५ वा आठवडा, ऑक्सिजन लागत नाही. श्वास थांबू नये म्हणून सुरू असलेलं कॅफीन ३ दिवसांपूर्वी बंद केलंय.

झोपेत ७-८ सेकंद छाती हलतच नाही, मग भराभर श्वास. त्या वेळी ठोके, ऑक्सिजन उतरत नाहीत, रंगही गुलाबीच. डॉक्टर म्हणतात, खंड २० सेकंदांहून लांबला किंवा ठोके वा ऑक्सिजन पडला तरच अ‍ॅप्निया (श्वास थांबण्याचा खरा त्रास). पटतं, तरी तेवढा वेळ माझा जीव टांगणीला लागतो. संसर्ग नाही, हिमोग्लोबिन ठीक. पाजताना मान दुमडत नाही ना, तेही पाहते.

कॅफीन बंद केल्यावर तुमच्या बाळाला किती दिवस मॉनिटरवर ठेवलं होतं? आणि घरी मॉनिटर नसताना नेमकं कशाकडे लक्ष ठेवायचात?