मदत हवी आहे : ११५ किलोंचं गणित जुळत नाही

मंडळी, १९७३ च्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ या स्पोर्ट्स कारवर डोकं खाजवतोय. इंजिन एकच, २१० पीएसचं (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती). पण हलकं 'स्पोर्ट' मॉडेल ९६० किलो आणि 'टूरिंग' १०७५ किलो. स्पोर्टमध्ये मागची सीट नाही, काचा पातळ, दाराला आतून हँडलऐवजी नुसता ओढायचा पट्टा. डॅशबोर्डवरचं घड्याळसुद्धा काढलंय! (त्याचं असं कितीसं वजन असणार?)

शून्यापासून ताशी शंभर किलोमीटर वेग गाठायला स्पोर्टला ५.८ सेकंद लागतात, टूरिंगला ६.३. म्हणजे वजन १२ टक्के जास्त, पण वेळ जेमतेम ९ टक्क्यांनी वाढला. दोन्हींत ७५ किलोंचा चालक बसवून पाहिला, तर वजनातला फरक ११ टक्क्यांवर आला. उरलेले दोन टक्के कुठे मुरले? इंजिन मागे असल्यामुळे चाकांची पकड, की गिअर बदलण्यात जाणारा ठरावीक वेळ?

दुसरं कोडं टॉप स्पीडचं : स्पोर्ट ताशी २४५ किलोमीटर आणि टूरिंग २४०. तिथे तर मुख्य अडथळा हवेचा, वजनाचा नव्हे. मग हे पाच किलोमीटर आले कुठून? एक्सेलमध्ये मांडून थकलो. कुणी नीट समजावेल का?