अनुभव धागा : मुंबई विमानतळ, साल २०१९. कामातलं कळणाऱ्यांनी लिहा

पावसाळ्याआधीच्या देखभालीसाठी दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद, ही सूचना आली की २०१९ आठवतं. ७ फेब्रुवारी ते ३० मार्च, मंगळवार-गुरुवार-शनिवार, तेच सहा तास दोन्ही पट्ट्या बंद. १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालेलं जेट एअरवेजचं शेवटचं विमान, मग कंपनीच बंद. १ जुलैला रात्री जयपूरहून आलेलं बोइंग ७३७ मुख्य पट्टी ओलांडून चिखलात. ४ नोव्हेंबरपासून मुख्य पट्टीचं डांबरीकरण. लोकांच्या लक्षात फक्त रद्द झालेली विमानं राहिली. प्रत्यक्ष काम काय होतं, ते इथे जमा करू या.

खडी-डांबर :
फेब्रुवारीचं सांगतो. ०९/२७ (मुख्य पट्टी) आणि १४/३२ (दुसरी पट्टी) एकमेकींना छेदतात, म्हणून तो चौक उकरायचा तर दोन्ही बंद. दुसरा इलाजच नाही. पट्टी मधे उंच, दोन्ही कडांना १ ते १.५ टक्का उतार, म्हणजे पाणी बाजूला जातं. चौकात दोन उतार भिडतात, त्यामुळे तिथे उतार कमी ठेवावा लागतो आणि पाणी रेंगाळतं. सगळ्यात आधी खराब होतो तो चौकच.

पार्लेकर :
पण दिवसाच का? रात्री का नाही करत?

खडी-डांबर :
पार्लेकर, रात्री मुंबईत परदेशी मोठी विमानं असतात, त्यांना लांब पट्टीच लागते.

घाटावरची :
जेटच्या लोकांचं वाईट वाटतं हो अजून. आमच्या सोसायटीत दोन घरं होती. महिनोन्महिने पगार नाही.

हँगरमधून :
ताई, खरंय. त्यात उभी विमानं तशीच सोडून चालत नाही. चाकं ठरावीक दिवसांनी फिरवायची, नाहीतर टायर एकाच जागी दबतो. इंजिनाला झाकणं, पिटोट नळ्यांना (विमानाचा वेग मोजणाऱ्या) टोप्या. टोपी नसेल तर गांधीलमाशी आत माती भरते आणि पुढच्या उड्डाणाला वेग चुकीचा दिसतो. हे करणारे हात बिनपगारी होते.

ओली पट्टी :
जुलैवर येतो. २ जुलैला सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझला ३७५.२ मिमी पाऊस. त्या अपघाताबद्दल बोलत नाही, सर्वसाधारण गणित सांगतो. टायरचा दाब पीएसआयमध्ये (हवा भरताना मोजतात त्या एककात) घ्या, वर्गमूळ काढा, ९ ने गुणा. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागतो तो वेग नॉटमध्ये (१ नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी) मिळतो. दाब २०० धरला तर १२७ नॉट. म्हणजे ७३७ टेकतं त्याच्या जवळपासच. तेव्हा ब्रेक दाबून फारसं काही होत नाही. पंखांवर उभ्या होणाऱ्या फळ्या (स्पॉयलर) आणि इंजिनाचा उलटा जोर (रिव्हर्स थ्रस्ट) यांचाच आधार. टेकण्याच्या जागी टायरचं रबर चिकटून पट्टी गुळगुळीत होते, म्हणून ते उच्च दाबाच्या पाण्याने वारंवार खरवडायचं. हे काम टाळलं की पावसाळ्यात भोगावं लागतं.

घाटावरची :
मग ते विमान काढायला इतके दिवस का लागले? क्रेनने उचलायचं ना सरळ.

हँगरमधून :
चिखलात क्रेनच रुतते ताई. रिकामं ७३७-८०० सुद्धा ४१ टनांच्या आसपास. आधी इंधन आणि सामान काढून वजन कमी करायचं. मग चाकांपासून पट्टीपर्यंत मुरूम, खडी, वर लोखंडी प्लेटा असा रस्ता. दोर मुख्य चाकांच्या दोन्ही पायांना, ताण दोन्हीकडे सारखा. नाकाच्या चाकाला बांधून मागे ओढलं तर ते मोडतं. पाय मोडला असेल तर पंखांखाली हवेच्या पिशव्या, थोडी थोडी हवा भरत. अडकलेलं विमान काढायचा एअर इंडियाकडचा संच आणला होता. भर पावसात केलेला रस्ता वाहून जातो, पुन्हा भरावा लागतो. पट्टी ५ जुलैला उघडली. त्या पावसात हे काम उत्तम झालं असंच मी म्हणेन.

खडी-डांबर :
नोव्हेंबरचं राहिलं. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच, रविवार सोडून. तेवढ्यात जुना थर खरवडायचा, झाडून घ्यायचं, टॅक कोट (थर चिकटवणारं पातळ डांबर) मारायचा, गरम माल पेव्हर यंत्राने पसरायचा, रोलर, तात्पुरते पट्टे. पण खरी गोम शेवटच्या तासात. नवा थर जुन्यापेक्षा उंच, तिथे पायरी ठेवली तर साडेपाचला येणाऱ्या विमानाला दणका. म्हणून रोज टोकाला हलका उतार करायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच कापून पुढे जायचं. शिवाय थर निवला पाहिजे, नाहीतर टायरखाली चर पडतात. म्हणजे शेवटचा ट्रक दुपारीच. सगळं झाल्यावर पाणी निघून जायला खाचा, ६ मिमी रुंद, ६ मिमी खोल, ३८ मिमी अंतरावर. त्या लगेच मारल्या तर कडा तुटतात, डांबर मुरू द्यायचं.

ओली पट्टी :
आणि त्या वेळी सगळा भार १४/३२ वर. मुख्य पट्टीवर तासाला ४६ विमानं, तिथे साधारण ३६. चेंबूरकडून येताना ट्रॉम्बेची टेकडी आडवी.

लोहगाव :
आमच्याकडे पुण्यात १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ पूर्ण विमानतळच बंद होता. पट्टी एकच, आणि हवाई दलाची.

पार्लेकर :
लोहगाव, त्याआधी वर्षभर रात्रीची उड्डाणंही बंद होती ना तुमच्याकडे?

लोहगाव :
हो, ऑक्टोबर २०२० पासून रात्री ८ ते सकाळी ८. कामाचा वेगळा धागा काढतो, खडी-डांबर तिथे या.