'ड्रंकन मास्टर'च्या आधी काहीच नव्हतं?

रानवारा: काल कुणीतरी इथे लिहिलं, "कुंग फू कॉमेडी १९७८ला जॅकी चॅनने 'ड्रंकन मास्टर'मधून सुरू केली, त्याआधी नुसती सूडाची हाणामारी." राहवलं नाही म्हणून लिहितोय. १९७५चा, हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स स्टुडिओचा 'द स्पिरिच्युअल बॉक्सर' बघा. लाउ कार-लिउंगचं पहिलं दिग्दर्शन. सुरुवातीला चीनच्या राजमातेसमोर बॉक्सर, म्हणजे परकीयांविरुद्ध उठलेले बंडखोर, आपण अभेद्य असल्याचं दाखवतात, अगदी गंभीरपणे. पुढे तीच बुवाबाजी खेड्यात येते. नायक वाँग यू अंगात देव आल्याचं सोंग करून गावकऱ्यांकडून पैसे उकळतो. सोंग घेताना त्याची चाल, नजर, हात सगळं बदलतं. विनोद थेट कुंग फूमधूनच येतो.

जुना_पैलवान: वाँग यू म्हणजे एक हात तुटलेला तलवारबाज ना?

रानवारा: नाही हो, तो जिमी वाँग यू! सिनेमा न बघताच बोलायचं?

जुना_पैलवान: बघितलाय, नावात गोंधळ झाला. मध्ये फार रेंगाळतो. 'ड्रंकन मास्टर'मध्ये जॅकी उलटा लटकून खालच्या बादलीतलं पाणी कपाकपाने वर भरतो. ते बघताना आपल्याच पोटात गोळा येतो. तसं इथे एकदाही झालं नाही.

मीनाक्षी_ठाणे: दोघंही हाँगकाँगचा विनोदवीर मायकेल हुईला विसरलात. 'गेम्स गॅम्ब्लर्स प्ले', १९७४, कँटनीजमध्ये! हाँगकाँगचा माणूस घरात कँटनीज बोलणार आणि शॉवाले त्याला मँडरिन ऐकवणार. मग विनोद भिडणार कसा?

सातारकर: भाषेचं कशाला? आमच्याकडे व्हिडिओवर इंग्रजी डबिंग असायचं. अक्षर कळत नव्हतं, तरी अख्खी खोली खिदळायची.

मीनाक्षी_ठाणे: तुम्ही खिदळलात म्हणून त्यांनी आपल्या भाषेत सिनेमा मागू नये? मुंबईत मराठी सिनेमाला संध्याकाळचा शो मिळत नाही तेव्हाही हेच ऐकवतात, "हिंदी कळतं ना तुम्हाला?" डोकं फिरतं माझं.

सातारकर: मी मराठीबद्दल चकार शब्द काढला नाही. उगाच अंगावर येऊ नका.

मीनाक्षी_ठाणे: मग "भाषेचं कशाला" असं लिहू नका.

रानवारा: भाषेचा मुद्दा मान्य, शॉ तिथे कमी पडले. पण लाउचे वडील लाम साय-विंगचे शिष्य, आणि लाम थेट कुंग फूचे नामांकित गुरू वाँग फेइ-हुंग यांचे. अस्सल घराण्यातला माणूस पहिल्याच सिनेमात खोट्या कुंग फूचं पितळ उघडं पाडतो. ही धमक मला पुढच्या कुठल्याच कॉमेडीत दिसली नाही.

जुना_पैलवान: बरं, जॅकीच्या आधीचा, एवढं मान्य. जॅकीपेक्षा सरस मात्र माझ्याकडून वदवून घेऊ नका.