मदत हवी आहे: क्रॉनिक फटीग असताना १६ तास उपाशी राहणं, कुणी निभावलंय का?

नमस्कार मंडळी. काढू की नको करत शेवटी धागा काढतेय. दोन बैठकांत लिहिलंय, तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

मी ४१, कोथरूड. सप्टेंबर २०२२ मध्ये डेंग्यू झाला. ताप गेला, प्लेटलेट्स वर आल्या, सगळे म्हणाले महिनाभर अशक्तपणा राहील. तो महिना अजून संपलेला नाही. आधी एका सीएंकडे पूर्ण वेळ होते. आता घरून रोज तीन तास काम करते, तेही उशीला टेकून, लॅपटॉप मांडीवर घेऊन. जीएसटीचा आकडा एका रकान्यातून दुसऱ्यात नेईपर्यंत डोक्यातून गळून जातो. आठ तास झोपून उठले तरी रात्रभर कुणीतरी धुणं बडवून घेतल्यासारखं अंग.

तपासण्या सगळ्या झाल्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, फेरिटिन, लिव्हर, किडनी ठीक. बी१२ कमी होतं, इंजेक्शनं घेतली, आकडा वर गेला, मी होते तिथेच. "रिपोर्ट छान आहेत, टेन्शन घेऊ नका" असं तीन डॉक्टरांनी सांगितलं. चौथ्यांनी तासभर बसवून नीट विचारलं आणि क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे एमई/सीएफएस, असं नाव दिलं. त्या दिवशी रिक्षात रडले, पण बरं वाटून.

आता मुद्द्यावर येते. पडून पडून नऊ किलो वाढले आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ५.८ आलं, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. जाऊबाई डॉ. दीक्षितांच्या पद्धतीने जेवतात. दिवसातून दोनदाच, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. त्यांची शुगर खरंच खाली आली आहे, त्यामुळे त्या बोलल्या की ऐकावं लागतं. मला दोनच जेवणं झेपतील असं वाटेना, म्हणून मी १६:८ धरलं. दुपारी बारा ते रात्री आठ खायचं, सकाळी फक्त बिनसाखरेचा कोरा चहा.

पहिले तीन आठवडे असे गेले की मी शाळेच्या ग्रुपवर प्रवचन देऊन मोकळी झाले. सकाळी डोकं साफ, दुपारपर्यंत काम उरकलेलं. हुरूप आला, चालणंही सुरू केलं. साडेचार किलोमीटर नाही हो, थोरात उद्यानात वीस मिनिटं, एक दिवसाआड. पाचव्या आठवड्यात सपशेल आडवी. घसा दुखतोय, उजेड सहन होत नाही, बाथरूमपर्यंत भिंत धरून. चार दिवसांनी सावरले, पुन्हा तेच. आणि सकाळी दहा-अकराला उभं राहिलं की छातीत धडधड. करोनातलं ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये होतं, ते लावलं. पडून नाडी ७८, ओट्याशी उभं राहून आठव्या मिनिटाला ११६. काही करत नव्हते, कढईत मोहरीसुद्धा पडली नव्हती.

सासूबाई ७३ वर्षांच्या. संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत अन्न घेत नाहीत, आणि आमचे तीन मजले (लिफ्ट नाही) भाजीची पिशवी घेऊन चढतात. त्या म्हणतात, "सोळा तासांचं काय एवढं?" टोमणा नाही, त्यांना खरंच कळत नाही. मलाही कळत नाही.

तर प्रश्न: उपास चालू ठेवू की सोडू? पहिले तीन आठवडे बरं का वाटलं? व्हिडिओंमध्ये ऑटोफेजी, पेशींची साफसफाई वगैरे सांगतात, ते आमच्यासारख्यांना लागू पडतं का?

पिठलंभाकरी: ताई, उत्तर माहीत नाही, पण माझ्या भावाचं डिट्टो असंच आहे, करोनानंतर. धागा वाचतेय.

पेठेतला_वाडा: राग मानू नका, पण आमची आजी चाळीस माणसांचा स्वयंपाक करून एकादशीही करायची. हल्ली प्रत्येक थकव्याला नाव असतं. सकाळी पर्वती चढा, आठ दिवसांत फरक पडेल.

निवांत_औंध: वाडासाहेब, मी २०१५ मध्ये असाच सल्ला ऐकून पर्वती चढले होते. उतरवायला दोघं लागले, आणि पुढचे दोन महिने अंथरुणात. तेव्हा हे जरा बाजूला ठेवू.

धागाकर्तीला, थोडं सविस्तर लिहिते, मी या आजारात दहा वर्षं मुरलेली आहे.

तुम्ही दोन गोष्टी एकात मिसळताय. डायरी असेल तर आडवं पडल्याच्या तारखा काढा आणि दोन दिवस मागे जा. उद्यानात गेला होतात का? या आजाराची खूणच ती आहे. श्रमाचा हिशेब त्याच दिवशी येत नाही, बहुतेकदा १२ ते ४८ तासांनी येतो आणि कित्येक दिवस वसूल होत राहतो. म्हणून माणूस चुकीच्या गोष्टीला दोष देतो. मंगळवारी पडलं की मंगळवारच्या उपासावर खापर, आणि रविवारचं चालणं नामानिराळं. साध्या अशक्तपणात हळूहळू व्यायाम वाढवला की ताकद येते, इथे उलटं होतं. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या नाइस संस्थेच्या २००७ च्या मार्गदर्शिकेत ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवण्याची शिफारस होती. २०२१ मध्ये त्यांनीच ती काढून टाकली आणि असा कार्यक्रम देऊ नका असं लिहिलं. दीक्षित पद्धतीतलं चालणं मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या धडधाकट माणसासाठी आहे, जाऊबाईंना ते लाभलंही. तुम्ही त्यातलं जेवण घ्या नाहीतर सोडा, चालणं मात्र आज बंद करा.

धडधडीचं वेगळं आहे. उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडी ३० किंवा जास्त वाढली आणि बीपी पडलं नाही, तर डॉक्टर पॉट्सचा, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी अवाजवी वाढण्याच्या विकाराचा, विचार करतात. तुमची ३८ ने वाढली. घरच्या यंत्रावरून निदान करू नका, पण तो कागद घेऊन जा. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर बीपी मोजायला सांगा, ईसीजी काढायला सांगा. आता उपासाचा संबंध इथे येतो. उपाशी असताना इन्सुलिन खाली जातं, आणि इन्सुलिन कमी झालं की मूत्रपिंडं मीठ बाहेर सोडतात, त्यामागे पाणी जातं. म्हणूनच उपासाच्या पहिल्या आठवड्यात वजनकाटा एवढा खूश करतो. ज्याच्या अंगात उभं राहण्यापुरतंच रक्त जेमतेम फिरतंय, त्याचं पाणी आणखी कमी झालं तर अकरा वाजता ओट्याशी काय होणार? आणि पोटात तेव्हा फक्त कोरा चहा. मी सकाळी उठायच्या आधी, पलंगावरच, मीठ घातलेलं पातळ ताक पिते. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा.

ऑटोफेजी खरी आहे. जपानी शास्त्रज्ञ ओसुमींना २०१६ चं नोबेल त्यावरच मिळालं. पण त्यांचं मूळ काम यीस्टवर, म्हणजे पाव फुगवणाऱ्या मंडळींवर म्हणा ना. तिथून थेट कोथरूडच्या सीएफएसपर्यंत उडी व्हिडिओवाले मारतात. नाइसच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत उपासाची शिफारस नाही. चौरस आहार आणि पुरेसं पाणी आहे, आणि ज्यांचा आहार फार आखडलाय त्यांना आहारतज्ज्ञाकडे पाठवा असं आहे.

पेठेतला_वाडा: माघार. वाचतोय.

खलबत्ता: मी आहारतज्ज्ञ आहे, पुण्यातच. निवांतताईंना अनुमोदन, दोन भर घालते. १) बारा वाजता उपास कशाने सुटतो? साबुदाण्याची खिचडी किंवा पोह्यांवर सुटत असेल तर शुगर चढणार, उतरणार आणि दुपारी तीनला पुन्हा गळाठा. पहिल्या घासात प्रथिनं हवीत. २) शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी हा धागा वाचून स्वतःहून उपास धरू नये, शुगर फार खाली जाऊ शकते. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, आणि पूर्वी खाण्याचा आजार होऊन गेलेल्यांनीही नको. ५.८ ची काळजी रात्रीचं जेवण लवकर घेऊनही घेता येते. १२ तास उपाशी राहण्याला कुणी इंटरमिटंट फास्टिंग म्हणो न म्हणो, आपल्या आज्या दिवेलागणीला जेवून सकाळी न्याहारी करायच्या, ते तेवढंच होतं.

टिळकरोड_तिठा: डेंग्यूने असं होतं हे पहिल्यांदा ऐकलं. खरंच?

निवांत_औंध: संसर्गानंतर होणं नवीन नाही. ऑस्ट्रेलियात डब्बो नावाच्या गावाच्या परिसरात २५३ रुग्णांच्या मागे राहून पाहिलं होतं, २००६ मध्ये ते छापून आलं. ग्रंथिज्वर, क्यू फीव्हर आणि रॉस रिव्हर विषाणू असे तीन वेगवेगळे आजार, त्यातला रॉस रिव्हर डासांतूनच पसरतो. सहा महिन्यांनी सुमारे १२ टक्के लोक थकव्यातच होते, जंतू कुठलाही असो. डेंग्यू त्यात नव्हता, पण चित्र ओळखीचं आहे.

निवांत_औंध: धागाकर्ती, एक विचारायचं राहिलं. उपास धरण्याआधी सकाळी तुम्ही काय करत होता?

धागाकर्ती: सकाळी? सहाला उठून लेकीचा डबा, मग सगळ्यांचा नाश्ता. उभ्याने. पोहे, उपमा, थालीपीठ, वार लावलेले. उपास धरल्यावर मी खातच नाही म्हटल्यावर नाश्ता यांनी अंगावर घेतला, पाव-ऑम्लेट. डबा मी रात्री... अरे देवा.

निवांत_औंध: हं. तेच.

पिठलंभाकरी: मला कळलं नाही.

धागाकर्ती: मला कळलं. तीन आठवडे बरं वाटलं ते सोळा तासांमुळे नसावं, दीड तास ओट्याशी उभी नव्हते म्हणून असावं. आणि वाचलेली ताकद मी नेऊन थोरात उद्यानात उधळली.

*(तीन आठवड्यांनंतर)*

धागाकर्ती: अपडेट देते, कुणाला उपयोग झाला तर.

चालणं बंद. डायरी काढली, सात वेळा आडवी पडले होते, त्यातल्या सहा वेळा आदल्या दोन दिवसांत उद्यान होतं. सातव्या वेळी नणंदेकडचं बारसं. डॉक्टरांकडे नाडीचा कागद नेला. त्यांनी दहा मिनिटं उभं करून दर मिनिटाला बीपी आणि नाडी लिहिली, ईसीजी काढला आणि पॉट्सच्या दिशेने पुढे बघू म्हणाले. बीपी वाढलेलं नाही, म्हणून मीठ-पाणी वाढवायला हरकत नाही म्हणाले. मी उपासाबद्दल विचारलं तर म्हणाले, सध्या नको, आधी उभं राहता येऊ दे.

आता संध्याकाळी सातला जेवते, सकाळी साडेआठला खाते, पण गॅस न पेटवता. ताकात कालवलेलं सातूचं पीठ, रात्री भिजवलेले शेंगदाणे, कधी यांनी उकडून ठेवलेलं अंडं. खलबत्ताताई, दुपारचा गळाठा निम्म्याने कमी आहे. आजार गेला का? नाही. काल दोन तास काम केलं आणि तिसरा तास भिंतीकडे बघत काढला. पण या तीन आठवड्यांत भिंत धरून चालावं लागलं नाही.

सासूबाईंना नाडीचं प्रकरण ऑक्सिमीटर लावूनच दाखवलं. आधी त्यांचं बोट, उभ्याने ८४. मग माझं. आकडा वर चढताना बघत राहिल्या, एक अक्षर बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कणीक मळायची परात डायनिंग टेबलावर आणून ठेवली होती, खुर्चीसमोर.

शेवटचं एक विचारते आणि धागा सोडते. ओट्याच्या उंचीला पुरेल असं, पाठ टेकता येईल असं उंच स्टूल पुण्यात कुठे बघून घेता येईल? ऑनलाइन दोन मागवली, दोन्ही डुगडुगतात. आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवून देणारा हवा.